जाऊबाईंस, बंद बाथरूममधून

तीर्थस्वरूप जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा प्लास्टिकचे हातमोजे घातलेल्या हातांनी नमस्कार. घरातली सगळी मंडळी खुशाल असल्याची खात्री आहे, कारण सगळी मंडळी मला इथून ऐकू येत आहेत. सासूबाई पुढच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलतायत, म्हणजे त्यांची प्रकृती उत्तम. तुमचा गुडघा कसा आहे? शुक्रवारी दुकानातून येताना तुम्ही जिन्यात दोनदा थांबलात, ते मी वरून पाहिलं. विचारायला तीन पायऱ्या खाली उतरलेही होते, मग आपलं बोलणं बंद आहे हे आठवलं आणि परत वर गेले. माझं विचाराल तर (तुम्ही विचारणार नाही, तरी रीत म्हणून सांगते) जीव मुठीत धरून पालथ्या बादलीवर बसले आहे. हे पत्र आपल्याच घरातल्या बाथरूममधून लिहीत आहे. तुमच्यापासून अंतर साधारण नऊ पावलं आणि एक दार.

एवढ्याशा अंतराला एवढं लांब पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. ‘पाणी हवं’ अशी दोन शब्दांची चिठ्ठी दाराखालून सरकवली असती तरी भागलं असतं. पण आपल्या दोघींचं बिनसलं ते आखूड चिठ्ठीपायीच. तीन आठवड्यांपूर्वी फ्रिजवर चिठ्ठी लागली: ‘बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस ज्याचे त्याने काढावेत.’ ना मायना, ना सही. (अक्षर मात्र गोळ्यांच्या पाकिटांवर ‘जेवणाआधी एक’ लिहिणाऱ्या बाईचं. ते मी कुठेही ओळखीन.) मी खाली लिहिलं, ‘सगळेच केस माझे नसतात.’ दुसऱ्या दिवशी तुम्ही जाळीतला एक केस धुऊन, वाळवून, कागदावर चिकटपट्टीनं चिकटवून फ्रिजवर लावलात आणि खाली लिहिलंत, ‘मग हा कोणाचा?’ जाऊबाई, त्या केसाला चार वेटोळी होती, आणि घरात वेटोळी फक्त माझ्या डोक्यावर आहेत. पुरावा बिनतोड होता, म्हणूनच मला जास्त राग आला. सासूबाईंनी तो कागद पाहिला, हसल्या, आणि ‘धाकटीच्या डोक्यावर भांडी घासायची तार आहे’ ही बातमी फोनवरून सगळ्या नात्यागोत्यात पोचती केली. तुम्ही तेव्हा ओट्यापाशी उभ्या होतात. हसला नाहीत, हे मान्य. पण काही बोललाही नाहीत. मग मीही बोलणं सोडलं. तेव्हा या खेपेला सगळं रीतसर लिहायचं, मायन्यापासून लिहायचं, असं ठरवलं आहे. (पाच मिनिटं झाली.)

कंसातली ही मिनिटं कसली, ते आता सांगते. गेल्या आठवड्यात मी केस सरळ करायचं एक खोकं आणलं. खोक्यावर एकाच बाईचे दोन फोटो आहेत. पहिल्यात केस माझ्यासारखे आणि चेहरा रडवेला. दुसऱ्यात केस तुमच्यासारखे आणि चेहरा नुकतीच बढती मिळाल्यासारखा. आत क्रीमची नळी, ब्रश, हातमोजे आणि घडी उलगडली की चादरीएवढा होणारा सूचनांचा कागद. त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूला भुवयांच्या पेन्सिलीनं हे पत्र चाललं आहे, अक्षर मोठं आलं तर समजून घ्या, कारण माझा चष्मा फ्रिजवर राहिलाय. सूचना अकरा भाषांत आहेत आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मला फक्त ठळक तेवढं वाचता आलं. ते असं: ‘घरच्या घरी’, ‘अतिशय सोपे’ आणि ‘वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने त्वरित धुवावे’. यातलं ‘त्वरित’ तांबड्या शाईत आहे. बारीक अक्षरांत काय लिहिलं असेल याची तेव्हा मला भीती वाटली नाही. आता वाटते. जे अतिशय सोपं आहे त्याबद्दल अकरा भाषांत इतकं बारीक कोण लिहितं?

तर दाराला कडी घातली, घड्याळ खुंटीला अडकवलं, डोक्याला क्रीम फासलं आणि मग सहज म्हणून नळ सोडून पाहिला. नळानं एक उचकी दिली आणि गप्प झाला. तेवढ्यात भिंतीपलीकडून धुण्याच्या मशीनची घरघर ऐकू आली. मशीन पाणी घ्यायला लागलं की बाथरूमचा नळ कोरडा पडतो, हे या घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच तर बटण दाबण्याआधी ‘मशीन लावतेय गं!’ अशी हाक मारायची पद्धत आपण पाडली. गेले तीन आठवडे हाक बंद आहे. तुम्ही फ्रिजवर ‘मशीन लावत आहे’ अशी चिठ्ठी लावता आणि मी ती वाचते. आजही लावली असणार, आणि माझ्या चष्म्याशेजारीच लावली असणार. त्यात आज रविवार, म्हणजे चादरींचा दिवस, आणि चादरी म्हटलं की मशीन तहानलेल्यासारखं पाणी पितं. बादली आधी भरून ठेवायला हवी होती, असं तुम्ही म्हणाल. बादली होती हो. ती मी बसायला पालथी घातली. (आठ मिनिटं.)

दार उघडून बाहेर का येत नाही? कारण पुढच्या खोलीतल्या खुर्चीतून बाथरूमचं दार सरळ समोर दिसतं आणि सासूबाई त्याच खुर्चीत आहेत, हातात चालू फोन घेऊन. मी पांढऱ्या लगद्यानं माखलेलं डोकं घेऊन बाहेर पडले तर माझा पाय चौकटीबाहेर पडायच्या आत चार घरांत कळेल. हाक मारावी तर तेच, आणि शिवाय अबोला मी मोडला असं होईल. ते मला चालणार नाही. भीती वाटत असली तरी तेवढा ताठा शिल्लक आहे. ताठा डोक्यात असतो आणि डोक्याचं काही खरं नाही, ही गोष्ट वेगळी.

आता टाळू चुणचुणायला लागली आहे. चुणचुणणं सूचनेत बसतं की नाही, ते मुंगीच्या पायांमध्ये कुठेतरी लिहिलेलं असेल. मघाशी कपाळावरची बट मागे सारली तर हातमोज्यावर सात केस आले. नीट मोजले. पुन्हा मोजले तर आठ झाले. म्हणजे मोजता मोजतासुद्धा गळतायत! मला डोळ्यांसमोर उद्याचा सोमवार दिसतो. शाळेच्या कार्यालयातलं माझं टेबल तुम्ही पाहिलंय. खिडकी इतकी उंच, की चौकशीला आलेल्या आईबापांना माझं फक्त डोकंच दिसतं. नेमकं तेच नसेल तर त्यांनी चौकशी कोणाकडे करायची? ह्यांची मात्र भीती नाही. ह्यांना आठवड्यानं लक्षात येईल, आणि तेव्हाही विचारतील, ‘नवीन चष्मा घेतलास का?’ (अकरा मिनिटं. नळ उघडाच ठेवलाय. थेंब नाही.)

तुमच्या औषधांच्या दुकानात कोणी अंगावर लाल चट्टा घेऊन आलं, की तुम्ही ओरडत नाही. शांतपणे विचारता, ‘काय लावलंत?’ मी दोन-तीनदा काउंटरपलीकडे उभी राहून ऐकलंय. तुम्हाला डॉक्टरांचं अक्षरसुद्धा वाचता येतं, मग अकरा भाषांचं काय घेऊन बसलात! तेव्हा हे पत्र उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचावीत आणि मी घाबरावं की नाही ते कळवावं. तोवर मी घाबरून घेते.

आणि आता कागद खालच्या टोकाला आला आहे म्हणून खरं सांगते. तार-बीर हे निमित्त. चौदा वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा पहिल्याच रविवारी माझ्या केसांत कंगवा मोडला होता. अर्धा हातात, अर्धा डोक्यात. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही तुमचा रुंद दातांचा लाकडी कंगवा आणलात, मला पुढ्यात बसवलंत आणि मानेपासून सुरुवात केलीत, एकेक बट खालून वर सोडवत. तासभर लागला. दुखलं नाही. तेव्हापासून दर रविवारी मी तुमच्या पुढ्यात बसते आहे आणि आपण आख्ख्या आठवड्याच्या गप्पा मारतो आहोत. गेले तीन रविवार ते झालेलं नाही. मागे माझा हात पोचत नाही, मानेवर गुंता होऊन बसलाय, आणि ज्यांना विंचरायला कोणी नाही असे केस सरळच केलेले बरे, असं मला वाटलं. जाऊबाई, मला टकलापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची भीती वाटते. पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. या आठवड्यात एकदाच. दोघी नऊ पावलांवर राहतो, चिठ्ठ्या लिहितो आणि कोणाचं काही अडत नाही. मला याची सवय होत चालली आहे. तुम्हालाही होत असेल. (पंधरा.)

तरी मशीन दोन मिनिटं थांबवावं, ही हात जोडून विनंती. वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगू नये, विशेषतः सासूबाईंना. नमस्कार कुठून आला, असं त्या विचारतील.

तुमची,
(किती केसांची ते मागाहून कळवते)
धाकटी जाऊ

ता.क. पाणी आलं! चादरी भिजून झाल्या असाव्यात. सही करतानाच नळ धो धो सुरू झाला. सतराव्या मिनिटाला डोकं धुतलं. केस डोक्यावरच आहेत, मी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. सबब वरची विनंती रद्द समजावी.

ता.क. २. आरशात पाहिलं. पुढून केस सरळ झालेत, अगदी तुमच्यासारखे. मागे जिथे हात पोचत नाही तिथे क्रीमही पोचलं नव्हतं, त्यामुळे गुंता होता तसाच आहे. थोडक्यात, समोरून मी खोक्यावरची दुसरी बाई आहे आणि पाठमोरी पहिली. अशा अवस्थेत बाहेर यायची मला मघापेक्षा जास्त भीती वाटते आहे. म्हणून खरी विनंती ही: तो लाकडी कंगवा घेऊन या. गुडघ्यासाठी स्टूलही आणा, तुम्ही त्यावर बसा, मी खाली बसते. आणि हो, जाळीतले केस मी काढले. त्यात एक लांबलचक सरळ केस सापडला. तुमचा म्हणून कागदावर चिकटवणार होते. पण आता या घरात सरळ केस दोघींचे आहेत, त्यामुळे पुरावा टिकणार नाही. सोडून दिला.

ता.क. ३. आत्ता, मी पत्राची घडी घालत असताना, दारावर टकटक झाली. ‘अगं, ओट्यापर्यंत वास येतोय. काय लावलंस डोक्याला? चुणचुणतंय का? बादली तरी भरून घेतली होतीस ना?’ आवाज तुमचा होता. म्हणजे हे पत्र सरकवायची आता गरज उरली नाही. तरी सरकवते. एक तर मागच्या सूचना तुम्हीच वाचायच्या आहेत, आणि दुसरं म्हणजे एक गोष्ट लेखी राहिलेली बरी: आधी तुम्ही बोललात.

कडी काढते.