अर्धं राहिलेलं

२१ जून २००४
पोहोचले एकदाची! भाईंदर पूर्व, नवघर, चौथा मजला. इमारतींच्या फटीतून का होईना, खिडकीतून लांबवर मिठागरं दिसतात. राजापूरला शेवटच्या वर्षाला मराठी आणि अर्थशास्त्र असा जोडविषय मिळत नव्हता. मराठी माझ्या हौसेचं, अर्थशास्त्र बाबांच्या. त्यांच्या मते कविता करून बँकेत नोकरी लागत नाही. म्हणून बाबांच्या चुलतभावाकडे, सुभाषकाकांकडे, माझी रवानगी.

काका-उर्मिलाकाकूंची एकुलती एक मुलगी संचिता दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. ऐन परीक्षेच्या तोंडावर. तीही हाच जोडविषय करत होती. तिचीच खोली मला दिलीय.

आमच्याकडे नव्या जागी पाऊल ठेवलं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. बाबांना काय, निमित्तच हवं! त्यात काकूंचे डोळे भरलेले पाहून ते वाहवत गेले. म्हणाले, ‘ह्या घरात जे काय अर्धं ऱ्हायलं असंल, ते ह्या पोरीच्या हातून पुरं करून घे रे म्हाराजा!’ सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ केलं. माझा आवाज सगळ्यांत मोठा. बाबा संध्याकाळच्या एसटीने परत गेले. मी जरा रडले, मग काकूंनी घावणे केले आणि रडायचं राहून गेलं.

९ जुलै
मराठीच्या तासाला मी पहिल्या बाकावर, अर्थशास्त्राला शेवटच्या. सर मागणीचा वक्र काढतात, मला ती घसरगुंडी दिसते. आज त्यांनी संधी-खर्च शिकवला. एक गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. शेजारच्या नीलमला म्हटलं, मी तर अर्थशास्त्र सोडायला एका पायावर तयार आहे. ती इतकी हसली की सरांनी दोघींना उभं केलं.

२ ऑगस्ट
आज नवलच झालं. सरांनी मक्तेदारीचं काहीतरी विचारलं, वर्ग चिडीचूप, आणि मी उठून फळ्यावर आकृती काढून मोकळी! सर खूश. हे मी वाचलं कधी, आठवत नाही. नीलम म्हणाली, बाकी सगळं ठीक, पण तू खडू डाव्या हातात का धरला होतास? मला काही तसं वाटलं नव्हतं.

घरी सांगितलं तर काकूंनी माझा डावा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

१८ ऑगस्ट
कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी कविता लिहायला बसले. आई जात्यावर म्हणते ती ओवी सुरुवातीला घ्यायची होती. आठवेना. जी ओवी ऐकत मी वाढले, तीच! शेवटी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून आईला फोन केला. तिने हसत म्हणून दाखवली. जिना चढून वर येईपर्यंत पुन्हा गेली.

भेंडी मला जन्मात आवडली नाही. आज दोनदा मागून घेतली.

५ सप्टेंबर
जवळच्या खारी गावातली गोदूबाई कोळीण बऱ्याच काळाने मासळी घेऊन दारात आली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘बरी झालीस का गो संचिता? लय दीस दिसली न्हाय.’ मला वाटलं काकू तिला सांगतील. काकूंनी मान खाली घातली आणि बोंबील निवडत राहिल्या.

त्याहून वाईट म्हणजे, मी ‘हो मावशी, आता बरं आहे’ म्हणाले.

२६ सप्टेंबर
धीर करून काकूंना विचारलं, माझ्यात संचिता येतेय का? त्या नाही म्हणाल्या नाहीत. उलट मला जवळ घेतलं, केसांना तेल लावलं. म्हणाल्या, तुझ्या बाबांनीच मागितलं, देवाने दिलं. राहिलंय ते पुरं होऊ दे. मी म्हटलं, एप्रिलमध्ये परीक्षा झाली की मग सुटेन ना? त्या चकित झाल्यासारख्या बघत राहिल्या. म्हणाल्या, अगं, तिची परीक्षा तेवढीच राहिली का? नोकरी राहिली, लग्न राहिलं, पोरंबाळं राहिली. सगळंच राहिलं की.

तेल लावणारा हात इतका मायेचा होता. मला ओरडताही आलं नाही.

३ ऑक्टोबर
बाबांना फोन. ते आधी रागावले. म्हणाले, गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच माघारी घ्यायचं. गावच्या देवाचा कौल घेऊन पुढच्या रविवारी येतो. मी तुला नावाने हाक मारीन, तू फक्त ‘व्हय’ म्हण, की सुटलीस.

एवढंच तर आहे. एक शब्द. रविवारपर्यंत कळ काढायची.

६ ऑक्टोबर
चाचणीत पहिली आले. सर म्हणाले, पेपरवर नाव चुकलंय. मी पाहिलं — मला चूक दिसेना.

८ ऑक्टोबर
मी सुलू. सुलभा. गावी नदी आहे, तिला नाव आहे — आत्ता होतं. आईचा आवाज — नाही. कॉलेजला जायच्या ऐवजी स्टेशन गाठावं, गावी निघून जावं, असं ठरवून खाली उतरले. कुठलं तिकीट मागायचं तेच —

९ ऑक्टोबर
बाबा उद्या येणार. कपाळावर जुनी खोक आहे, आंब्यावरून पडल्याची. ओळखायचं. ‘व्हय’ म्हणायचं. विसरू नको विसरू नको

१० ऑक्टोबर
सकाळीच एक पाहुणे आलेत. हातात नारळ. कपाळावर खोक आहे, कशाची असेल. आईने चहा ठेवलाय. पप्पा त्यांना बसा बसा म्हणतायत, पण ते बसत नाहीत. देवापुढे उभे राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतायत, मध्येच कुणा सुलूला हाक मारतायत. रडतायत. माझ्या खोलीकडेच बघतायत सारखे.

आता सगळे थांबलेत. कुणीतरी ‘व्हय’ म्हणायचंय.

फार वाईट वाटतं त्यांचं. कुठे असेल ती मुलगी? निदान एकदा तरी तिने —