दुसऱ्या नावाची ओळ

४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राची सुरुवात एका घोर अन्यायानं करतो. व्हिसाच्या फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, असा नियम आहे. माझा डावा कान जन्मापासून डोक्याला चिकटून आहे. तो ओढून बाहेर काढायचे तुझे लहानपणचे प्रयत्नही फसले होते. फोटोवाल्यानं शेवटी कानामागे खोडरबराचा तुकडा अडकवला. हसायला बंदी होती, ती मी आपोआप पाळली.

आता कामाचं. जुलैत जुन्या कागदांच्या दुरुस्तीवरची परिषद. कागद चिकटवायची खळ तुझी, प्रयोग तुझे, आणि निबंध दोघांनी मिळून वाचायचा, हे ठरलंच आहे. पण बिझनेस व्हिसाला यजमानांचं निमंत्रण लागतं, शिवाय नोकरीच्या ठिकाणचं पत्र. मला आमच्या दप्तरखान्याचं पत्र मिळालं. तू घरच्या टेबलावर काम करणारी, तुला पत्र कोण देणार? आणि निमंत्रण एकाच नावाचं आलंय, आता वेळही उरला नाही. तेव्हा तू सरळ टुरिस्ट व्हिसा काढ. विचारलंच तर सांग, भावाबरोबर फिरायला चालले. परिषदेचं नाव काढू नकोस.

मेहुण्यांना नमस्कार. माझ्या कानासह माझ्यावर माया असू दे.

तुझा,
धाकटा


१९ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

कानाची हकिकत वाचून तुझे मेहुणे जेवता जेवता ठसकले. माझा व्हिसा मात्र झाला नाही.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, कशाला जाताय. मी म्हटलं, फिरायला. इथवर तुझं ऐकलं. मग त्यांनी विचारलं, काय काय बघणार. तिथे काय बघायचं असतं ते मला कुठे ठाऊक? शेवटी पिशवीतून नमुन्यांची वही काढली आणि म्हटलं, बघणार काही नाही, हे दाखवणार आहे. बाई वही चाळत बसल्या. पाचव्या पानावरच्या फाटक्या कागदाचा जोड त्यांना सापडेना, शेजारच्या साहेबांनाही सापडेना. मला वाटलं, झालं काम. मग बाईंनी हळूच सांगितलं, की निबंध वाचायचा तर हा व्हिसा चालत नाही, आणि आधी फिरायला म्हणालात ते लिहून घेतलंय. नकार दिला. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा खोटं बोलले आणि तेही अर्धवट.

तू मनाला लावून घेऊ नकोस. निमंत्रणच एकाचं, त्याला तू काय करणार? वही पार्सलनं पाठवली आहे. घड्या दाबायची माझी हाडाची पट्टी वीस वर्षांपूर्वी शिकायला म्हणून नेलीस, तीही घेऊन जा. तेवढंच माझं काहीतरी तिथे पोचेल.

नीट जा, स्वेटर विसरू नकोस, आणि आठवण ठेव.

ताई


१५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निबंध वाचला. टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी विचारलं, खळ सात वेळा का गाळता, सहा वेळा गाळली तर काय बिघडतं? मला कारण ठाऊक नव्हतं. जगाला टोमणे मारायला माझी जीभ कशी सुरीसारखी चालते, तू जाणतेस. तिथे ती लाकडाची झाली. मी म्हणालो, अनुभव आहे. कुणाचा, ते सांगितलं नाही.

सोबत एक कागद जोडला आहे. वक्त्यांचा हा फॉर्म मार्चमध्येच आला होता. खालून तिसरी ओळ वाच: दुसऱ्या वक्त्याचं नाव आणि पासपोर्ट नंबर. ती मी रिकामी सोडली. तुझा नंबर माझ्या वहीत होता, वेळही भरपूर होता. मला एकट्याला उभं राहायचं होतं. यजमानांनी एकालाच बोलावलं, ही थाप माझी.

लोभ असावा, असं कुठल्या तोंडानं लिहू?

धाकटा


२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सहा वेळा गाळली तर खळ पिवळट राहते आणि दहा वर्षांनी कागदावर डाग उमटतो. हे जायच्या आधी विचारायचं होतंस.

फॉर्म वाचून आठ दिवस सगळ्यांवर चिडचिड केली. तुझ्या मेहुण्यांवरही, त्या बिचाऱ्यांनी काही केलं नसताना. निबंधाचं सोड, तो तू नाहीतर मी, कुणीतरी वाचलाच असता. पण व्हिसाच्या खिडकीतल्या त्या बाईंनी माझं काम इतकं निरखून पाहिलं आणि मी त्यांच्यापुढे खोटी ठरले. ते जात नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा.

ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परिषदवाल्यांना सगळं लिहून कळवलं. छापील पुस्तकात निबंधावर तुझं नाव येईल. मी खाली आभारात. पहिल्या रांगेतल्या बाईंना सातव्या गाळण्याचं कारण कळवलं, तुझ्या नावानं. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्याकडे कार्यशाळा आहे. तिचं निमंत्रण सोबत आहे. नाव एकच आहे, तुझं. पासपोर्ट नंबर दोनदा ताडून पाहिला.

दुसरा कागद व्हिसाच्या खिडकीसाठी. फिरायला म्हणायला मी शिकवलं, एवढंच त्यात माझ्या सहीनिशी आहे. विनोद एकही नाही, फार वेळ लागला. तो दाखवायचा की फाडायचा, ते तू ठरव. जायचं की नाही, तेही.

हाडाची पट्टी फडक्यात गुंडाळून परत पाठवतो आहे. तिचं एक टोक माझ्या हातून झिजलं आहे.

धाकटा