ताईचा चंद्र उशिरा निघते

मंगळवार, सेलू

चुका होतीन, माफी. नववीतच शाळा सोडली, अन् दुकानातल्या कॉम्प्युटरवर अजून एका बोटानंच टाइप करते.

काल संकष्टी होती. ठाण्याले ताईकडं ढग होते, म्हणून ती फोनवर म्हणली, "चंद्र दिसला का मले सांगजो." आमच्या गच्चीवरून दिसला, अन् मी लगेच फोन लावला. "निघाला वं ताई, जेव आता!" ती जेवली. तेवढ्यात तिची सासू देवळातून आली, कॅलेंडर पाह्यलं. तिथला चंद्र आमच्याहून वीस मिनिटं उशिरा निघनार होता. "माहेरच्या चंद्रावर उपास सोडलास का?" ताई लई रडली.

चंद्र तं एकच, मंग वीस मिनिटं काऊन? दिवसभर तेच डोक्यात. मंग आठवलं, इथं अंधार पडते तवा ताई म्हणते, "आमच्याकडं अजून उजेड हाय." पृथ्वी फिरते. आमी तिच्याहून पूर्वेले, म्हणून सूर्य असो का चंद्र, आधी आमाले दिसते. दुबईले तं आणखीनच उशिरा दिसत असन. म्हंजे ताई नाई चुकली. मी चुकली.

फोनवर मोठ्या माणसासंग माहा आवाजच फुटत नाई. तरी आज ताईच्या सासूले लावला. "मावशी, ते वीस मिनिटं माहे हायत. ताईले बोलू नका."

त्या मंग हसल्या. "बरं, पुढच्या संकष्टीला तूच ये चंद्र दाखवायला."

आत्ताच घरून निरोप आला, आमची गाय व्याली. कालवड झाली!