तुर्दुकानचं वर्षाचं जेवण

२७ जानेवारी. सकाळी ७. उणे ११. बर्फ ४६ सेंमी.
काश्का-बेलच्या हिमनिरीक्षण केंद्रातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मोजतो. सवय चांगली आहे.
मुलीचा, चिनाराचा, बिश्केकहून फोन. तिच्या आईला जाऊन ३ मार्चला वर्ष होईल. वर्षाचा आश, म्हणजे सगळ्या नातलगांना आणि शेजाऱ्यांना जेवण, ते वरच्या स्की-हॉटेलात घालू म्हणते. तिथे नवं रेस्टॉरंट उघडलंय. मी म्हटलं, तुर्दुकानचं जेवण तिच्या घरीच होईल. अंगणात नमद्याचा गोल तंबू, यर्ट, उभी राहील, घोडी कापली जाईल. ती म्हणाली, बाबा, यर्ट कोण उभारणार? ऐंशी माणसांचं कोण रांधणार? आई असती तर तिनंच सगळं केलं असतं. मग मी फोन ठेवला. नेटवर्क खराब होतं.
निर्णय: आश घरीच. उद्या जुन्या मित्राकडे, तुर्गुनकडे, यर्ट मागायला जायचं.

२९ जानेवारी. उणे १४.
वारा. तुर्गुनकडे गेलो नाही. वाऱ्यात नीट बोलणं होत नाही.

३ फेब्रुवारी. उणे ९. बर्फ ४४.
नाही म्हणायचं तर पुराव्यानिशी म्हणावं. म्हणून रेस्टॉरंट पाहून आलो. जुनं कॅन्टीन होतं त्याच जागी बांधलंय. तुर्दुकाननं तिथे सव्वीस वर्षं स्वयंपाक केला, पण त्याचा इथे संबंध नाही.
नान पालथी ठेवून आणली, हा आपल्यात अन्नाचा अपमान. मी न बोलता सुलटी केली. वाढणारी मुलगी, नाव आइपेरी, म्हणाली, आजोबा, खालची बाजू फोटोत छान येते असं शेफ म्हणतो. परतलेल्या मटणाचा कुउरदाक मागवला, तो काळ्या पाटीवर आला. मांसाचे तुकडे सात. बाहेर स्कीवाल्यांसाठी फळा लावलाय, त्यावर बर्फ ८० सेंमी. जी जागा बर्फाबद्दल खोटं बोलते ती मटणाबद्दल काय खरं बोलणार.
पुरावा भरपूर झाला. चहा चांगला होता, तेही नोंदवतो.

६ फेब्रुवारी.
पुन्हा गेलो. एका निरीक्षणावरून अनुमान काढणं शास्त्रीय नाही.

११ फेब्रुवारी. उणे ७. बर्फ ४९.
सहावी पाहणी. खिडकीजवळचं टेबल. आइपेरीनं न विचारता चहा आणला. नान सुलटी होती. म्हणाली, तुमच्यामुळे शेफला बोलणी बसली, आजोबा, आता तुमच्या नावानं बोटं मोडतो. मी बर्फाचं सांगितलं, तर तिनं खडू आणून दिला. फळ्यावर ४९ लिहिलं. मॅनेजरनं पुसून ८५ केलं. म्हणाला, आक्साकाल, तुम्ही वडीलधारे, रागावू नका, पण ४९ वाचून अल्माटीहून कोण येणार?
आइपेरीनं विचारलं, रोज एकटेच जेवता, घरी कोणी नाही का? मी म्हटलं, बायको आहे, ती स्वयंपाकात असते. सवयीनं तोंडून गेलं. दुरुस्त करणार होतो, पण तिला दुसऱ्या टेबलावरून हाक आली.
उद्या नक्की तुर्गुनकडे.

१४ फेब्रुवारी.
तुर्गुनच बाजारात भेटला. म्हणाला, काय रे, वहिनीच्या आशचं काय? यर्ट हवी असेल तर आत्ताच सांग, मार्चमध्ये दोन लग्नं आहेत, मग माझ्या नावानं ओरडू नकोस. मी म्हटलं, कळवतो. मग हिमस्खलनाविषयी बोललो, अर्धा तास. तो ऐकत होता. शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. का ते कळलं नाही.

२० फेब्रुवारी. उणे ३.
जावई गाडी घेऊन आला. मिर्लान स्वभावानं बरा आहे, पण त्याला घाई फार. म्हणाला, बाबा, एकदा डोळ्यांनी बघा, मग नाही म्हणा. गेलो. दारातच आइपेरी म्हणाली, आज दोघं का, आजोबा? तुमचं टेबल रिकामं ठेवलंय. मिर्लान माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, अहो, तुम्ही इथलेच झालात की, मग फोनवर भांडत कशाला होतात? मी पाहणीचं समजावून सांगितलं. त्यानं मान खाली घालून नान तोडली.
मॅनेजर म्हणाला, तीन तारखेला रविवारी स्कीवाल्यांचा मोठा ग्रुप आहे, शनिवारी दोन तारीख मोकळी आहे. एका दिवसानं काय बिघडतं? मी ठाम नकार दिला. म्हणजे मान हलवली. मिर्लानला तो होकार वाटला. मॅनेजरसमोर त्याला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

२१ फेब्रुवारी.
सगळं रद्द करायला चिनाराला फोन लावला. ती रडत होती. म्हणाली, बरं झालं तुम्ही ऐकलंत, बाबा, मला या विचारानं झोप नव्हती. मी म्हटलं, बर्फ आता वितळायला लागेल, ओढ्याकडे पोराला सोडू नकोस. फोन ठेवला.
एका अर्थी हे माझ्याच पाहणीचं फळ. नानची बाजू मी सुधारून घेतली नसती तर काय झालं असतं.

२ मार्च. संध्याकाळी ६. उणे २.
आश पार पडला. ८४ माणसं.
लोकांना घ्यायला दारात उभा राहिलो. गणवेशातली दोन पोरं कोट घेत होती, हातावर पाणीही तीच घालत होती. मी मधे येत होतो. आइपेरीनं दंड धरून मला दारासमोरच्या मानाच्या जागी नेलं. म्हणाली, तुम्ही इथे बसायचं, आजोबा, आज तुम्ही काहीच करायचं नाही.
मग मेंढ्याचं डोकं आलं आणि माझ्यासमोर ठेवलं. डोकं पाहुण्याला देतात. जेवण घालणाऱ्याला कधीच नाही. सर्वांत वयस्कर दिसेल त्याला द्या, असं मॅनेजरनं सांगितलं असणार. तुर्गुननं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टेबलावर कोणी घासाला हात लावेना. परत पाठवलं असतं तर चिनाराला लागलं असतं. मी सुरी घेतली, कान कापून नातवाला दिला आणि खाऊ लागलो. सगळे खाऊ लागले.
पोरांना रीत माहीत नसते. हेतू मानाचाच होता. मांस नीट शिजलं होतं. मी योजलं होतं त्यापेक्षा फार वेगळं झालं असं म्हणता येणार नाही.

३ मार्च. रविवार.
चिनारा आणि मिर्लान पहाटेच निघाले. पोराची उद्या शाळा आहे.
अकरा वाजता फाटक वाजलं. झुराकान आपा. कॅन्टीनमध्ये तुर्दुकानबरोबर बटाटे सोलायची. वरच्या खोऱ्यात एकटी राहते, फोन नाही. तिला निरोप द्यायचा राहिला होता. पहिल्या गाडीनं आली होती. अंगणभर नजर फिरवली. यर्ट नाही, धूर नाही, माणूस नाही. म्हणाली, भाऊ, माझा दिवस चुकला का? मी तर भिंतीवर रेघा मारून मोजलाय. मी म्हटलं, दिवस बरोबर आहे. काल झालं. वर हॉटेलात.
ती म्हणाली, हॉटेलात ती कशी येणार? ती तर इथून गेली.
आत येऊन बसली, कुराण म्हटलं, तोंडावरून हात फिरवले. मी अर्धी नान होती ती पुढे केली. मांस नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मांस राहू दे, पण आजच्या दिवशी या घरात काहीतरी तळलं तर पाहिजे, तिच्यापर्यंत वास जायला नको का? बोर्सोकचं पीठ मळूनच आणलंय, चल, कढई दाखव.
स्वयंपाकघराचं दार जोर लावून उघडावं लागलं. लाकूड फुगलंय. कढई तिलाच सापडली. तेलाचा डबाही तिनंच काढला. उपडा करून पाहिला, थेंबही पडला नाही. म्हणाली, कधीपासून?
मी झाकण शोधू लागलो. तिनं डबा खाली ठेवला. शाल घेतली आणि शेजारी तेल मागायला गेली. तिचे गुडघे दुखतात, पायरी एकेक करून उतरली. मी जाऊ शकलो असतो.