बंद न होणारा बॉयलर

प्रिय एल्स्पेथ,

तुझा निरोप येऊन सहा दिवस झाले आणि मी उत्तर दिलेलं नाही. रोज वाचते आणि फोन उलटा ठेवते. "बाबांनी स्वतःच बॉयलर उघडला, गॅस अलार्मची बॅटरीही स्वतःच काढली. आता त्यांना एकटं ठेवणं शक्य नाही. वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे, पुढच्या शुक्रवारी सही करते, मग घराचं बघू." एवढंच लिहिलंयस तू, आणि खाली 'तू त्यांच्यासाठी खूप केलंस, थँक्यू' असंही. त्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडवली आहे. फोन करणार होते. पण फोनवर तू "कशी आहेस गं?" म्हणशील आणि मी भलतंच काहीतरी बोलत सुटेन, तुला माझी सवय माहीत आहे. म्हणून लिहायला बसले. माझ्या अक्षराला हसू नकोस, शाळेत मी खिडकीबाहेरच जास्त असायचे.

मी सध्या उलापूलला आहे. बंदरासमोरच्या हॉटेलात भांडी घासते. इथला आचारी दिवसभर मासे भाजतो आणि जेवताना मात्र टोस्टला बीन्स लावून खातो, माशाचा वासही नको म्हणतो. काल फेरीबोट वाऱ्यामुळे सुटली नाही, तर अडकलेले तीस जण सूप मागायला... बघ, मी पुन्हा पळाले. हे सांगायचं नाहीये. तुझ्या बाबांच्या घरातल्या बॉयलरचं सांगायचं आहे.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. मी तुमच्या मागच्या खोलीत राहायला येऊन दोन महिने झाले होते. एका सकाळी उठले तर घर भट्टीसारखं. तुझे बाबा (मी त्यांना आर्चीच म्हणते) बनियनवर स्वयंपाकघरात उभे, बाहेर बर्फाचा चिखल आणि आत सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मला बघून ओरडले, "ये पोरी, ये! आर्ब्रोथच्या झाडून सगळ्या सीगलना मी फुकट शेक देतोय!" भिंतीवरचा थर्मोस्टॅट अठरा अंशांवर होता, त्यांनी तो दहावर आणला, तरी बॉयलरचं पाणी खेळणारे रेडिएटर हात लावू देत नव्हते. मेकॅनिकला फोन केला. बाई म्हणाली, अकरा दिवसांनी माणूस येईल. घर थंड पडलेल्यांचा नंबर आधी, गरम असलेल्यांचा नंतर. आर्ची तिला म्हणाले, "बाई, अकरा दिवसांत मी वाफवून तयार होईन, बटाटे तेवढे घेऊन या."

आणि मी म्हणाले, मी बघते.

का म्हणाले? लीथला मी चार महिने एका प्लंबरच्या हाताखाली होते, तेवढंच माझं शिक्षण. त्याच्याकडे आणखी दोन वर्षं काढली असती तर गॅसच्या कामाचा परवाना, ते कार्ड, मिळालं असतं, पण उन्हाळा आला आणि मी कुणाच्या तरी व्हॅनमधून स्काय बेटावर निघून गेले. कार्ड नसलेल्या माणसाने बॉयलरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण तुझ्या बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं ना, की या पोरीला काहीतरी येतं! माझ्याकडे तसं फारसं कुणी पाहिलेलं नाही.

सुरुवात मी बरोबर केली होती, एल्स्पेथ. थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. मग तो भिंतीवरून काढूनच ठेवला. बॉयलर चालूच. वेळा लावायचं घड्याळ बंद केलं. तरी चालूच. लीथचा तो म्हातारा म्हणायचा, बॉयलर हा हुकमाचा नोकर आहे, त्याला मारण्याआधी हुकूम कोण सोडतंय ते बघ. थर्मोस्टॅट गप्प, घड्याळ गप्प, म्हणजे उरला एकच: गरम पाण्याच्या टाकीजवळचा, पाणी सोडणारा-अडवणारा तो मोटरवाला व्हॉल्व्ह. तो अडकला की त्याच्या पोटातला स्विच दाबलेलाच राहतो आणि बॉयलर जळत बसतो. हे मला तेव्हाच कळलं होतं.

पण टाकी जिन्यावरच्या कपाटात. आणि त्या कपाटात, उबेला, तुझ्या आईने विणलेले सगळे स्वेटर. मी दार उघडलं तर आर्ची खालूनच म्हणाले, "तिथे नको गं. ते राहू दे तसंच." आवाज चढवला नाही, पण मी दार लावलं. समजावून सांगायला हवं होतं की पाच मिनिटांचं काम आहे, एकेक स्वेटर होता तसाच परत ठेवते. त्याऐवजी मी सोपा रस्ता धरला. खाली आले आणि म्हणाले, बॉयलरच उघडून बघू.

टॉर्च त्यांनी धरला. बोटीच्या इंजिनांवर चाळीस वर्षं काढलेला माणूस, पण आता त्यांची बोटं स्क्रूड्रायव्हरवर मिटत नाहीत, जॅमची बाटलीही मीच उघडून द्यायचे. ते बाजूला उभे राहून शेरे मारत होते. "आमच्या बोटीवर बाईने इंजिनाला हात लावला असता तर कप्तानाने पोहत घरी पाठवली असती." मी हसत होते. झाकण काढलं तेव्हा कडेची रबरी पट्टी, जिच्यामुळे जळलेला गॅस खोलीत येत नाही ती, कोपऱ्यात फाटली. जुनी झाली होती. मी ती बोटाने दाबून बसवली, वरून झाकण घट्ट आवळलं. आतमध्ये काहीच बिघाड नव्हता. असणारच नव्हता.

दुपारी ते दुकानात गेले तेव्हा मी गुपचूप कपाट उघडलं, स्वेटरांच्या मागून हात घातला आणि व्हॉल्व्हवर पान्याने दोनदा ठोकलं. टक् झालं. खाली बॉयलर थांबला. आर्ची परत आले, रेडिएटरला हात लावला आणि मला म्हणाले, "पोरी, तू इंजिनिअर आहेस." मी म्हणाले, हो, झाकण उघडल्यावर सापडला बिघाड. त्या आनंदात आम्ही आर्ब्रोथचा धुरातला हॅडॉक मासा लोण्यात परतून खाल्ला आणि मेकॅनिकची वेळ मी स्वतः फोन करून रद्द केली. तो आला असता तर पट्टी त्याला दिसली असती.

चार दिवसांनी मी निघाले. कुठे, का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे. मी गेल्यावर नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला. मी मॅलेगला फेरीबोटीच्या रांगेत, हातात चिप्स, बरोबरचे तिघे गिटारवरून भांडत होते. आर्ची म्हणाले, "स्वयंपाकघरातला तो पांढरा डबा चिवचिवतोय गं, काय करू?" मी म्हणाले, बॅटरी संपली असेल, काढा आणि ड्रॉवरमध्ये टाका, मी आले की नवीन घालते. ते म्हणाले, "नक्की ना? जरा जास्तच ओरडतोय." मी म्हणाले, नक्की. तो अलार्म मिनिटाला एकदा वाजला तर बॅटरी संपलेली असते आणि लागोपाठ चार वेळा वाजला तर घरात विषारी गॅस असतो. हे त्याच्या पाठीवर छापलेलं असतं आणि मला पाठ होतं. किती वेळा वाजतोय, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. चिप्स गार होत होत्या.

दोन दिवसांनी शेजारणीला ते फरशीवर पडलेले सापडले.

म्हणजे तुझ्या निरोपातली एक गोष्ट निम्मी खरी आहे आणि दुसरी साफ खोटी. बॅटरी त्यांनी काढली, पण माझ्या सांगण्यावरून. काढण्याआधी विचारलं, दोनदा विचारलं. आणि बॉयलर त्यांनी उघडलाच नाही. तू म्हणशील, मग ते स्वतःच का सांगतात मी उघडला म्हणून? डॉक्टरांना वाटतं गॅसने डोकं गेलं. तुलाही तेच वाटतंय.

त्यांचं डोकं शाबूत आहे, एल्स्पेथ. शुद्धीवर आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वॉर्डातून फोन केला, नर्सचा फोन मागून घेऊन. आवाज बारीक झाला होता, पण एकेक शब्द स्पष्ट. म्हणाले, "नीट ऐक पोरी, मी सगळ्यांना सांगितलंय की मीच केलं. बॅटरीचंही. तू तोंड उघडायचं नाहीस. कार्ड नसताना हात लावलास, तुला कोर्टात उभी करतील आणि ते आयुष्यभर मागे लागेल. माझं काय, म्हाताऱ्याने एक मूर्खपणा केला म्हणतील." यापायी घर सोडावं लागेल हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. आता आहे, आणि तरीही ते गप्प आहेत. मी त्यांना काय उत्तर दिलं माहीत आहे? "बरं." एवढंच म्हणाले. तो "बरं" घेऊन मी एकोणीस दिवस भांडी घासते आहे. म्हणून सही करू नकोस. हे पत्र डॉक्टरांना दाखव, पोलिसांना दाखव, ज्याला दाखवायचं त्याला दाखव. मी गुरुवारच्या बसने निघते आणि तुम्हा दोघांसमोर उभी राहून हेच सगळं पुन्हा सांगते. ते मला खोटी ठरवतील, शपथाही घेतील. तू त्यांचं अजिबात ऐकू नकोस.

तुझीच,
टॅम्सिन
(पूर्ण नाव टॅम्सिन रोझ पेनगेली. कुठे लिहावं लागलं तर.)