काळ्या शेलचा सत्कार

रविवार, १२ जानेवारी

आज गंगापूर रोडला आमच्या तेल कंपनीतल्या जुन्या साहेबांचा सत्कार होता. समुद्राखालच्या त्या काळ्या शेल खडकातच तेल तयार झालंय, त्याच्या वरच्या थरात खणा, असं मी वर्षानुवर्षं सांगत होते. शेवटी तिथेच तेल लागलं. साहेब माइकवर म्हणाले, "मला त्या शेलची पहिल्यापासून खात्री होती." खात्री? तोच काळा तुकडा माझ्या टेबलावर आपटून "हा नुसता चिखल आहे, मॅडम," म्हणणारे कोण होते मग?

चहाच्या वेळी मी त्यांना तसं विचारलंच. ते हसले. "अहो, अजून लक्षात आहे तुमच्या?" आणि माझ्या हातात मोबाइल देत म्हणाले, "आमच्या टीमचा एक फोटो काढा ना."

काढला. वर "थोडं जवळ या" असंही म्हणाले मी. कशाला म्हणाले?