न पाहिलेला स्वर्गीय नर्तक

प्रिय वहिनी,

तुझी पक्ष्यांची वही काल दादाने माझ्या हातात दिली. तुझ्या मनूला आता नववं लागलंय. रविवारी तिला आपल्या त्या घोडबंदरच्या टेकडीवर जायचंय. तू आणि मी पाहिलेला तो लांब शेपटीचा पक्षी, स्वर्गीय नर्तक, मी तिला दाखवायचा म्हणे! म्हणून लिहायला बसले. तुला एक सांगायचं राहिलंय गं.

रत्नागिरीहून लग्न होऊन तू आमच्या भाईंदर पूर्वेच्या दोन खोल्यांत आलीस आणि पहिल्याच माघात मला रविवारी पहाटे हलवून उठवलंस. अख्खी बिल्डिंग झोपलेली आणि आपण खारीच्या तळ्यावर! नणंदेचा असा छळ कुठली वहिनी करते? शेजारच्या भाभींना तू खंड्याची मासे धरायची तऱ्हा हिंदीत समजवायचीस. तुझं ते हिंदी ऐकून खंड्यासुद्धा उडून जायचा.

तुझा नियमही जगावेगळा. दोघींना दिसला तरच पक्षी वहीत. माझ्या धांदरटपणामुळे तुझे कितीतरी पक्षी वहीबाहेर राहिले, पण तू कधी कुरकुर केली नाहीस. कशाला एवढं सांभाळून घ्यायचीस मला?

2003 चा फेब्रुवारी आठवतो? त्या टेकडीवर काटेसावर फुलली होती, थंडी सरत आली होती. ओढ्याकाठी डब्यातले घावणे खाऊन झाले आणि नवी चप्पल चावली म्हणून मी दगडावर पाय चोळत बसले. तेवढ्यात तू माझा दंड धरलास.

"रंजू, पांढरी शेपटी! दिसला?"

मी मान वर केली तेव्हा नुसती फांदी हलत होती. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाही म्हणवेना. ऊनही चढलेलं, घरी जायची घाई. मी म्हटलं, "दिसला."

तू तिथेच बसून लिहिलंस, 'स्वर्गीय नर्तक, रंजूनेही पाहिला.' पुढे पाहुण्यांपुढे तू ते कौतुकाने सांगायचीस आणि मी पोहे ढवळत राहायचे. एकदा तरी खोदून विचारायचंस ना, की शेपटी केवढी होती! त्याच वर्षी पावसाळ्यात तू गेलीस. त्याआधी हॉस्पिटलात आठवडाभर तुझ्या उशाशी होते, तेव्हाही माझी जीभ रेटली नाही. फार लाज वाटते.

काल मनूने विचारलं, कुठल्या झाडावर होता? एखादं झाड ठोकून देता आलं असतं. पण तुझे डोळे तिच्याकडे आलेत. सगळं खरं सांगून टाकलं.

तिने वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे आईची वही खोटी?"

"वही नाही गं," मी म्हटलं, "आत्या खोटी."

रागावली आहे माझ्यावर. तरी रविवारी येणार आहे, आणि नियम तुझाच चालवणार आहे. वहिनी, शब्द देते. ती "दिसला?" म्हणून विचारेल आणि मला दिसला नसेल, तर मी नाही म्हणेन. मग वाट बघता बघता दुपार झाली तरी चालेल.

तुझीच,
रंजू